जुना संगणक, नवी प्रणाली आणि आपली मराठी

पेडणे तालुक्यातील एका हायस्कुलात आम्ही गेलो, तेव्हा संगणक-कक्षाला कुलूप होते. किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई बँकेत गेलेला. तो आल्यावर दार उघडले. आत आठ संगणक प्लास्टिकच्या आच्छादनाखाली ओळीने मांडून ठेवलेले. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "चालतात हो सगळे. पण नवीन विंडोज त्यांच्यावर चढत नाही, आणि जुन्याची मुदत संपली म्हणतात. आता निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवायचा आहे."

चालणारी वस्तू भंगारात काढायची, हे कोणत्याही शिक्षकाच्या पचनी पडणारे नाही. आमच्याही पडले नाही. त्या दिवसापासून आमच्या समितीतील चार-पाच शिक्षकांनी रविवारच्या सुटीत एक उद्योग आरंभिला. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील ज्या शाळा व वाचनालये बोलावतील तेथे जायचे, पडून असलेल्या संगणकावर लिनक्स ही मोफत संगणक-प्रणाली दाखवायची आणि पसंत पडल्यास ती बसवायला शिकवायचे. आम्ही अभियंते नव्हे. आमच्यातील एक जण गणित शिकवतो, दोघे मराठी शिकवतात, एक निवृत्त ग्रंथपाल आहेत. तेव्हा प्रस्तुत लेख तज्ज्ञांसाठी नाही, हे वाचकांनी आरंभीच लक्षात घ्यावे.

हा विषय भाषेच्या पानावर कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात येईलच. तूर्त एवढेच सांगतो की चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले मूल पाचवीला इंग्रजी माध्यमाच्या हायस्कुलात जाते, हे आमच्या तालुक्यांतील नेहमीचे चित्र आहे. त्या मुलाला संगणक प्रथम भेटतो तो इंग्रजीत बोलणारा. संगणक मराठीत बोलू शकतो, हे त्याला कोणी दाखवीतच नाही.

ही प्रणाली आली कोठून?

संगणक सुरू केल्यावर पडदा, कळफलक, छपाईयंत्र, फायली या सर्वांचा कारभार सांभाळणारी जी मूळ व्यवस्था, तिला संगणक-प्रणाली म्हणतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ती विंडोज असते. १९८३ साली अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू नावाचा प्रकल्प जाहीर केला. संगणकाची प्रणाली कोणालाही वापरता, तपासता, बदलता आणि वाटता आली पाहिजे, हे त्यांचे सूत्र. पुढे २५ ऑगस्ट १९९१ रोजी फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा लिनस टोरवाल्ड्स हा २१ वर्षांचा विद्यार्थी आपण छंद म्हणून एक प्रणाली लिहीत असल्याचे जगाला सांगता झाला. हे दोन प्रवाह एकत्र आले आणि आज ज्याला आपण लिनक्स म्हणतो ते उभे राहिले.

गावातील भजनी मंडळाची वही आठवा. एकाने अभंग उतरवून घ्यावेत, दुसऱ्याने त्यात चार भर घालावेत, शेजारच्या वाड्याने ती मागून नेऊन आपली प्रत करावी. कोणी कोणाला पैसे मागत नाही, आणि चूक दिसली तर कोणीही दुरुस्त करतो. लिनक्सचा व्यवहार बराचसा असाच आहे. म्हणूनच तिची एकच आवृत्ती नाही. १९९३ पासूनची डेबियन, २००४ साली आलेली उबुंटू, २००६ सालची लिनक्स मिंट, अशा अनेक आवृत्त्या आहेत. आपल्या देशातही सी-डॅक या शासकीय संस्थेच्या पुढाकाराने २००७ साली 'बॉस' नावाची आवृत्ती निघाली. तिच्यात मराठी आणि कोंकणी या दोन्ही भाषांची सोय केली गेली.

गोव्याला हे सारे नवे आहे असे मात्र कोणी समजू नये. या शतकाच्या आरंभीच 'गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट' या उपक्रमातून परदेशातील वापरलेले संगणक आपल्या राज्यातील शाळांना मिळाले होते आणि त्यांवर लिनक्स घातलेले होते. परदेशस्थ गोमंतकीयांचा त्यात वाटा होता. थोडे दक्षिणेला पाहिले, तर केरळने २००१ साली 'आयटी अॅट स्कूल' हा प्रकल्प सुरू केला आणि काही वर्षांतच शासकीय शाळांचे संगणक-शिक्षण मुक्त प्रणालीवर नेले. तेथील मुले आजही लिनक्सवर शिकतात, आणि पडद्यावर मल्याळम वाचतात.

आताच का?

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या आवृत्तीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. याचा अर्थ त्या दिवशी संगणक बंद पडले असा नव्हे. मात्र सुरक्षेच्या दुरुस्त्या नेहमीप्रमाणे मिळणे थांबले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक त्या अटीत बसत नाहीत. शाळांतील, वाचनालयांतील आणि सायबरएज योजनेतून विद्यार्थ्यांच्या घरी पोहोचलेल्या यंत्रांपैकी जुन्या यंत्रांचा प्रश्न येथेच निर्माण होतो. यंत्र धडधाकट, आणि कारभारी मात्र निवृत्त!

लिनक्स मिंटला किमान २ जीबी स्मृती (४ जीबी असल्यास उत्तम) आणि २० जीबी जागा पुरते. तिची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती दहा-बारा वर्षांच्या यंत्रावरही समाधानकारक चालते. फार जुन्या, म्हणजे बत्तीस बिटच्या यंत्रांची साथ मात्र आता बहुतेक प्रमुख आवृत्त्यांनी सोडली आहे. तेथे उगाच शक्ती खर्च करू नये.

आधी चाखून पाहा

नवशिक्यांना आम्ही पहिल्यांदा सांगतो ते हे की बसविण्याची घाई करू नका. लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते. संगणकातील काहीही बदलत नाही. पेनड्राइव्ह काढून पुन्हा सुरू केला की पूर्वीचा संगणक जसाच्या तसा. बाजारात आंबा चाखून मग डझन घेतो, तसेच हे.

त्यासाठी आठ जीबीचा एक पेनड्राइव्ह घ्यावा. त्यात पूर्वीचे जे असेल ते पुसले जाते, म्हणून लग्नाच्या छायाचित्रांचा घेऊ नये. लिनक्स मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ नावाची फाईल उतरवून घ्यावी. ती सुमारे तीन जीबीची असते. मोबाईलच्या जोडणीवर तासभर किंवा अधिकही लागेल, म्हणून एकाने उतरवून दहा जणांना द्यावी. ही फाईल पेनड्राइव्हवर नुसती चिकटवून भागत नाही. रुफस किंवा बलेनाएचर यांसारख्या छोट्या मोफत साधनाने ती 'लिहावी' लागते. हे काम विंडोजवरच पाच-दहा मिनिटांत होते.

मग पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू करायचा आणि सुरू होता होता एक ठरावीक कळ दाबायची. डेल व लिनोवोच्या बहुतेक यंत्रांत ती एफ १२, एचपीच्या यंत्रांत एस्केप किंवा एफ ९ असते. पडद्यावर यादी येते, तीतून पेनड्राइव्ह निवडायचा. बहुतेक नवशिके अडतात ते येथेच. कळ दाबायला एक क्षण उशीर झाला की विंडोज सुरू होते आणि मंडळी म्हणतात, "सर, आमच्यावर चालत नाही." चालते. पुन्हा बंद करा, आणि या वेळी आधीपासूनच कळ टकटक दाबत राहा.

पडदा उघडल्यावर घाईने 'इन्स्टॉल'कडे जाऊ नये. वायफाय लागते का, आवाज येतो का, प्रोजेक्टर दिसतो का, शाळेचे छपाईयंत्र ओळखले जाते का, हे एकेक तपासून कागदावर लिहून ठेवावे. काही जुनी छपाईयंत्रे अडून बसतात. शाळेच्या कार्यालयातील हिशेबाची प्रणाली किंवा शासकीय कामाची डिजिटल स्वाक्षरी केवळ विंडोजवरच चालत असेल, तर तो एक संगणक तसाच ठेवावा. लिनक्सच्या प्रेमापोटी लिपिकाचे काम अडवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आमची एक चूक

आता एक गोष्ट सांगणे आम्हास भाग आहे. ती लपवली तर हा लेख प्रामाणिक होणार नाही.

डिचोली तालुक्यातील एका शिक्षक-स्नेह्याच्या घरी आम्ही लिनक्स बसवायला गेलो होतो. तोपर्यंत पाच-सहा यंत्रे यशस्वी झाली होती, त्यामुळे थोडा तोरा आला होता. बसवताना प्रणाली एक प्रश्न विचारते: विंडोजच्या शेजारी बसवायचे, की संपूर्ण डिस्क पुसून? स्नेही चहा आणायला आत गेले होते. आम्ही बोलण्याच्या नादात दुसरा पर्याय निवडला, आणि पुढे आलेली खात्रीची सूचना वाचल्याशिवाय मान्य केली. त्यांच्या बारा वर्षांच्या प्रश्नपत्रिका, मुलांच्या स्नेहसंमेलनांची छायाचित्रे आणि त्यांच्या दिवंगत आईच्या आवाजातील जात्यावरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण त्या डिस्कवर होते. दुसरी प्रत नव्हती.

प्रश्नपत्रिकांपैकी काही छापील प्रती शाळेच्या कपाटात सापडल्या. ओव्या गेल्या. स्नेही एक शब्द रागाचा बोलले नाहीत, त्यामुळे आम्हाला अधिकच लागले. एवढेच म्हणाले, "आवाज होता तोवर आम्ही कोणी लिहूनही घेतल्या नाहीत."

तेव्हापासून आमचा नियम असा: आधी सर्व महत्त्वाच्या फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवायच्या, त्या दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहायच्या, आणि मालकाने स्वतःच्या हाताने 'पाहिले' असे आमच्या वहीत लिहून सही करायची. त्याशिवाय बसविण्याच्या बटणाला हात लावायचा नाही. शेवटचे बटण मालकच दाबतो, आम्ही नाही.

बसविताना

यानंतरचे काम सोपे आहे. अर्धा-पाऊण तास पुरतो. चार गोष्टी सांभाळाव्यात.

पहिली गोष्ट विजेची. पावसाळ्यात आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, आणि अर्ध्यावर वीज गेली तर डिस्कची गत वाईट होऊ शकते. लॅपटॉप पूर्ण भारित करून घ्यावा. टेबलावरचा संगणक असेल तर चालणारा यूपीएस हवाच.

दुसरी गोष्ट, विंडोज ठेवायचे असेल तर 'शेजारी बसवा' हा पर्याय घ्यावा. मग सुरू करताना दोन्हींपैकी हवी ती प्रणाली निवडता येते. त्यापूर्वी विंडोजमध्ये बिटलॉकर हे कुलूप चालू आहे का ते पाहावे, आणि असल्यास त्याची किल्ली कागदावर उतरवून ठेवावी. नाहीतर आपल्याच घराबाहेर उभे राहायची पाळी येते.

तिसरी गोष्ट पासवर्डची. तो सोपा ठेवू नये, पण विसरूही नये. शाळेत तो मुख्याध्यापकांच्या कपाटात बंद पाकिटात असावा. शिक्षकाची बदली होते आणि पासवर्ड त्याच्याबरोबर सत्तरीला निघून जातो, असे व्हायला नको.

चौथी गोष्ट आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. प्रणाली पहिल्याच पडद्यावर भाषा विचारते. त्या लांबलचक यादीत 'मराठी' हे नाव देवनागरीत लिहिलेले असते. सवयीने आपण सारेच तेथे इंग्रजी निवडतो. एकदा मराठी निवडून पाहा.

मराठी पडद्यावर, मराठी फाईलमध्ये

मराठी निवडल्यावर सर्वच काही मराठीत येते असे नाही. काही ठिकाणी इंग्रजी राहते, काही शब्द बोजड वाटतात. कारण हे भाषांतर कोणा कंपनीने केलेले नसून बव्हंशी स्वयंसेवकांनी केलेले आहे. मुंबई-पुण्याच्या आणि इतर ठिकाणच्या तरुणांनी २००० नंतरच्या दशकात रात्री जागून ते केले. 'इंडलिनक्स' आणि 'इंडिकट्रान्स' ही त्या प्रयत्नांतील नावे. लिब्रेऑफिस ही लेखन व हिशेबाची मोफत प्रणालीही मराठी रूपात मिळते. भाषांतरातील एखादा शब्द चुकला असेल तर तो सुधारून पाठविण्याचा मार्ग प्रत्येकाला खुला आहे. मराठीचे शिक्षक शब्दांवरून वाद घालण्यात वाकबगार असतात. तो वाद येथे उपयोगी पडेल!

त्याहून मोठा प्रश्न मराठी लिहिण्याचा. १९९० च्या दशकात आपण ज्या टंकांत मराठी छापत होतो, त्यांत फाईलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांचे क्रमांक साठवले जात आणि टंक त्यांवर मराठी आकार चढवीत असे. तो टंक नसलेल्या यंत्रावर फाईल उघडली की निरर्थक चिन्हांचा चिखल दिसतो. आमच्या समितीचे त्या काळातील काही ठराव आज असेच पडून आहेत. कागदावरचे वाचता येतात, संगणकातले वाचता येत नाहीत. युनिकोड या जागतिक संकेतात मात्र प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. 'क'चा क्रमांक २३२५. तो जगातील कोणत्याही यंत्रावर 'क'च राहतो. लिनक्सवर लिहिलेली मराठी युनिकोडमध्येच असते, आणि लोहित, गार्गी यांसारखे देवनागरी टंक मोफत मिळतात.

लिहायचे कसे? रोमी अक्षरांतून मराठी उमटविणारे कळफलक आहेत. परंतु शाळेत आम्ही इनस्क्रिप्ट शिकवतो. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने १९८६ साली हा कळफलक प्रमाण ठरविला. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. 'क' इंग्रजी के कळीवर, 'त' एल कळीवर, हलन्त डी कळीवर. 'ळ' हवा तर 'ल'च्याच कळीवर शिफ्ट धरायची. वाऱ्यातला 'ऱ' हवा तर 'र'च्या कळीवर शिफ्ट. मुलांना ही रचना आठवडाभरात येते, मोठ्यांना महिना लागतो. आणखी एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे. याच कळफलकाने कोंकणीही लिहिता येते. १९८७ च्या राजभाषा कायद्यापासून आपल्या राज्यात मराठी आणि कोंकणी यांवरून पुष्कळ शाई खर्च झाली, आणि आमचाही तीत वाटा आहे. पण या कळफलकासमोर दोन्ही घरांची मुले एकाच बाकावर बसतात, असा आमचा अनुभव आहे.

शेवटी

ज्या हायस्कुलापासून हा लेख सुरू झाला, तेथील आठांपैकी सहा संगणक आता चालू आहेत. एकाची डिस्क गेलेली होती, एक कार्यालयासाठी विंडोजवरच ठेवला. निर्लेखनाचा प्रस्ताव बाईंनी मागे घेतला.

पहिल्या दिवशी पाचवीतील एक मुलगी पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "बाई, हा आपल्यासारखा बोलतो." तिला काहीतरी लिही म्हटले. तिने कळा शोधत शोधत आपले नाव लिहिले, वाड्याचे नाव लिहिले, आणि थांबली. पुढे काय लिहू, असे तिने विचारले. आम्हाला त्या क्षणी डिचोलीच्या त्या ओव्या आठवल्या. आम्ही तिला सांगितले, "घरी आजी आहे ना? तिला येत असलेली एक ओवी विचारून ये आणि उद्या येथे लिही."

दुसऱ्या दिवशी ती तीन घेऊन आली. त्या आम्ही दोन पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या आहेत. एक शाळेत आहे, एक त्या डिचोलीच्या स्नेह्यांकडे.

अभिजात भाषेचा दर्जा मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळाला, त्याचा आम्हाला आनंदच आहे. परंतु दर्जा कागदावर राहतो आणि भाषा वापरात. आपल्या शाळेत, वाचनालयात किंवा घरी एखादा संगणक आच्छादनाखाली पडून असेल, तर येत्या रविवारी ते आच्छादन काढा. पेनड्राइव्ह लावून पाहा. नाही पटले तर काढून घ्या, काहीच गमावणार नाही. पटले तर बसवा. मात्र त्याआधी फायलींची दुसरी प्रत तेवढी विसरू नका.

— समितीचा एक शिक्षक-सदस्य